मिठाची पिशवी लवकर संपली

देवरुख,
२२ जून २०२५

श्री. सुभाषराव यांस,
अरुणाचा स. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, इथे सगळं ठीक आहे. तुमचे कान गेल्यापासून फोनचा काही उपयोग राहिलेला नाही. मी इथून ओरडते, तुम्ही तिथून ‘काय? काय?’ करता आणि ताईचे शेजारी काय झालं म्हणून कुंपणापाशी येऊन उभे राहतात. मोबाइलवर लिहून विचारावं, तर तुमच्याकडून पिवळा अंगठा येतो. जेवलात का? अंगठा. टाकी कशी आहे? अंगठा. परवा ताई म्हणाली, की चौतीस वर्षं पोस्टात काढलेल्या बाईच्या घरात राहून नवऱ्याशी अंगठ्यावर कसली बोलतेस, पत्र लिही. म्हणून लिहिते आहे. उत्तर कागदावर हवं.

ताईच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन आता सात आठवडे झाले. वॉकर धरून घरातल्या घरात फिरते आणि मला स्वयंपाक शिकवते. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मला कुळीथ भाजता येत नाहीत असा शोध लागला आहे.

माझ्या माशांच्या टाकीचं नीट चाललंय ना? फ्रिजवर चिकटवलेली यादी वाचता ना? दर रविवारी पाचवा हिस्सा पाणी काढायचं आणि आदल्या दिवशी आरओच्या पाण्यात समुद्री मीठ कालवून ठेवलेल्या बादलीतलं तेवढंच घालायचं. बादलीचा खारेपणा त्या दुर्बिणीसारख्या नळीतून बघायचा, पस्तीसची रेघ आली पाहिजे. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही, काढलेल्या खाऱ्या पाण्यातच पिळायचा. काचेवरचं शेवाळ चुंबकाच्या घासणीने काढायचं. एरवी पाणी उतरलं की लगेच भरायचं. आणि साबणाचा हात टाकीत घालायचा नाही, हे मी लिहिलेलं नाही पण तुम्हाला सांगायला हवं.

कोळंबी कात टाकते, तेव्हा तिचं रिकामं कवच दिसलं तर ती मेली समजून घाबरू नका. जोडी कशी आहे? क्लाउनफिशमध्ये मोठी असते ती मादी आणि नवरा सतत तिच्या धाकात, हे तुम्हाला आता रोज बघायला मिळत असेल.

लोभ असावा, आणि अक्षर जरा मोठं असावं.

तुमची,
अरुणा


नेरुळ,
२८ जून २०२५

सौ. अरुणा हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र गुरुवारी मिळालं. वॉचमनने ते वर आणून दिलं आणि कोर्टाचं आहे का म्हणून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्यालाही सवय नाही.

टाकीची काळजी करू नये. माझं आयुष्य नकाशे काढण्यात गेलं, कागदावर लिहिलेलं मी पाळतो. बादली दर शनिवारी तयार होते, दर रविवारी रिकामी होते. खारेपणा न चुकता पस्तीस, तारखेनिशी वहीत मांडला आहे. टाकीच्या काचेवर पाण्याच्या पातळीशी मी निळी चिकटपट्टी लावली आहे आणि पाणी तिच्याखाली तसूभर उतरू देत नाही. रोज सकाळी चहाआधी तेच काम. त्यासाठी एक जास्तीची बादली कालवून ठेवतो.

जोडी ठीक आहे. खाणं जरा कमी झालंय, पण पावसाळ्यात माझंही होतं. कोळंबी हल्ली दगडामागेच असते, लाजते बहुतेक. गोगलगायी झोपल्यात.

मी सकाळी चहा अजून दोन कप टाकतो. एक पिऊन झाल्यावर लक्षात येतं. मग दुसराही पितो. कधी येतेस?

ताईंना नमस्कार. लोभ आहेच, तो तिथल्या फणसांत विसरू नये.

तुझा,
सुभाष


देवरुख,
६ जुलै २०२५

श्री. सुभाषराव यांस,
अरुणाचा स. न. वि. वि.

तुमचं पत्र ताईने आधी बाहेरून तपासलं. पिनकोड बरोबर आहे म्हणून पास केलं. ‘अनेक आशीर्वाद’ कशाला? मी काय तुमची पुतणी आहे? पुढच्या वेळी दुसरं काहीतरी लिहा.

इथे सकाळी उठले की पहिली पाच मिनिटं मला कळत नाही मी कुठे आहे ते. हात दिव्याचं बटण शोधतो, टाकीचा निळा दिवा. मग आठवतं. पाच वर्षं रोज तिच्यासमोर बसून चहा प्यायले आहे, सवय कुठे जाते! मासे काचेपाशी येतात ते खाण्यासाठी येतात हे माझ्यासारख्या तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईला कळतं, पण आपल्यासाठी येतात असं वाटून घ्यायला काय जातं? इथे ताईच्या विहिरीत दोन कासवं आहेत. ती वर बघतसुद्धा नाहीत.

कोळंबी लाजते म्हणजे काय? ती टाकीतली सगळ्यात आगाऊ बाई आहे. खाणं टाकताना नीट बघा. गोगलगायी एवढ्या झोपत नाहीत. पाणी जुनं झालं का? खाणं जास्त पडतं का? उरलेलं तळाशी कुजतं आणि पाणी नासतं. चिमटीपेक्षा जास्त नको, ते काही जावई नाहीत.

काल ताई बाजारात जाऊन सुरण घेऊन आली आणि सुरणावरून भाजीवाल्याशी भांडूनही आली, म्हणून आज घरात आनंद आहे. मी गणपतीपर्यंत तरी इथेच आहे असं दिसतं.

जेवण वेळेवर करा. तुमच्या पत्राची वाट बघते, हे ताईला सांगू नका.

अरुणा


नेरुळ,
१४ जुलै २०२५

प्रिय अरुणा,

हे चालेल ना?

मुद्द्याचं आधी. मिठाची पिशवी संपली. दुकानदाराकडून नवीन आणली, तीच कंपनी, तीच दहा किलोची. खारेपणा पस्तीस. काचा साफ आहेत, स्पंज खाऱ्या पाण्यात पिळतो, हात साबणाचे नसतात. जोडी जरा शांत आहे. दोघं खालच्या कोपऱ्यात जवळजवळ असतात. खाणं चिमटीने टाकतो.

आता माझा प्रश्न. तू लिहितेस, की ताई बाजारात गेल्या. बसस्टँडपासून वाणीआळीपर्यंतचा तिथला चढ मला आठवतो, आपलं लग्न झाल्यावर तिथेच मला धाप लागली होती आणि ताई हसल्या होत्या. तो चढ चढून सुरण घेऊन, भांडून, उतरून जी बाई घरी येते तिला सांभाळायला माणूस लागत नाही. मग तू तिथे का आहेस?

मी रागावून विचारत नाही. मी पोळ्या करतो, त्या कडक होतात. मी भाजी करतो, ती तीन दिवस पुरते. ते चालतं. पण संध्याकाळी सारसोळ्याच्या जेट्टीवर फिरून येतो आणि दार उघडून सवयीने ‘आलो गं’ म्हणतो. एकदा समोरच्या गीतांजली वहिनी लिफ्टपाशी उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली. त्यानंतर मी मनातल्या मनात म्हणतो.

कधी येतेस ते स्पष्ट लिही.

तुझा,
सुभाष


देवरुख,
१९ जुलै २०२५

श्री. सुभाषराव यांस,

हे पत्र मिळताच उठा आणि खारेपणा मोजायच्या नळीत टाकीच्या पाण्याचा थेंब घाला. बादलीच्या नाही, टाकीच्या.

मी निघाले तेव्हा मिठाची पिशवी नुकती फोडली होती. ती दसऱ्यापर्यंत पुरायला हवी. ती जुलैमध्ये संपली कशी, हा विचार करत मी काल दुपारभर भाताच्या पेजेकडे बघत बसले. मग तुमचं आधीचं पत्र काढलं आणि ती ‘जास्तीची बादली’ वाचली. अहो, तुम्ही रोज उतरलेलं पाणी खाऱ्या पाण्याने भरता आहात! टाकीतून वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी. मीठ आतच राहतं. रोजची भर साध्या आरओच्या पाण्याची घालायची असते. तुम्ही अडीच महिने त्या मुक्या जिवांना लोणच्यात घालता आहात.

रागावून अर्धं पान लिहिलं, मग मला फ्रिजवरची यादी आठवली. ‘पाणी उतरलं की लगेच भरा’ एवढंच मी लिहिलं. कुठलं ते लिहिलं नाही. मला ते इतकं उघड वाटलं, की लिहायचं सुचलंच नाही. तेव्हा चूक माझी. तुम्हाला काय, कागदावर असेल तेच तुम्ही करणार, हे मला चाळीस वर्षांत कळायला नको होतं का?

एकदम गोडं पाणी ओतू नका. रोज थोडं खारं काढा, तेवढंच साधं घाला. आठ-दहा दिवस लागू द्या. घाईने मरतील.

कोळंबी खरंच दगडामागे आहे का?

बाकीचं नंतर लिहीन.

अरुणा


नेरुळ,
२१ जुलै २०२५

प्रिय अरुणा,

तुझ्याकडून पत्र निघालं असेल तर हे त्याला वाटेत भेटेल. मला उत्तराची वाट बघवत नाही म्हणून लिहितो आहे.

कोळंबी लाजत नव्हती. ती जूनच्या बावीस तारखेला मेली, ज्या दिवशी तू पहिलं पत्र लिहिलंस त्याच दिवशी. मी तिला मोगऱ्याच्या कुंडीत पुरलं. दोन गोगलगायी नंतर गेल्या. मी तुला खोटं लिहिलं. वाटलं, कळलं तर तू म्हणशील, एवढी एक गोष्ट सोपवली तीही जमली नाही.

परवा शनिवारी जोडीतला छोटा आडवा पडून श्वास घेत होता. दुकानदार फोनवर काय सांगतो ते मला ऐकू येईना. मोबाइलवर फोटो काढला आणि मासळी बाजारात गोजराकडे गेलो. तिचं एकटीचंच बोलणं मला नीट ऐकू येतं, तिचा आवाज वाशीपर्यंत जातो. फोटो बघून आधी म्हणाली, की यो कालवनाचा मासा नाय. मग माझं तोंड बघून तिने पाटी शेजारणीकडे दिली आणि माझ्याबरोबर घरी आली. पंधरा वर्षं दाराशी मासे देणारी बाई, पण टाकी तिने कधी पाहिली नव्हती. समोर उभी राहिली, बोट बुडवलं आणि चाटलं. थुंकायला बेसिनकडे धावली. तिचं माहेर उरणकडचं, बाप मिठागरात होता. म्हणाली, की पानी उनावाऱ्यानं जातं, मीठ खालीच ऱ्हातं, आमच्या बापानं जलमभर त्येच केलं, येवढा शिकलेला मानूस तुमी, तुमाला कललं नाय?

मी वही दाखवली. पस्तीस, पस्तीस, पस्तीस. तिला वाचता येत नाही, पण तिने विचारलं, की ह्ये बादलीचं का टाकीचं? तेव्हा मी पहिल्यांदा टाकी मोजली. रेघ पन्नासला टेकली होती. मला तिच्यासमोर रडू आलं, अरुणा. मी तुझ्यासाठी रोज चहाआधी, न चुकता, तसूभर इकडेतिकडे न होऊ देता त्यांना मारत होतो.

गोजराने एकदम काही करू दिलं नाही. लोटा काढायचा, लोटा घालायचा, मासा बावचळेल म्हणाली. दोन दिवस मी तेच करतो आहे. छोटा आज सकाळी सरळ झाला आणि मोठीच्या मागे गेला. तिने त्याला ढुशी दिली. इतकं बरं वाटलं, की मी दुसराही चहा लगेच प्यायलो.

मी सगळं खरं सांगितलं. आता तू सांग.

सुभाष


देवरुख,
२ ऑगस्ट २०२५

प्रिय सुभाष,

हे नाव लिहिताना हात अडखळला, पण ‘अहो’ लिहून हे सांगता येणार नाही.

कोळंबीचं मला कळलंच होतं. मोगऱ्यात पुरलीत ते बरं केलंत. गोजराला माझ्यातर्फे साडी घ्या, हिरवीच घ्या, जांभळी तिला चालत नाही.

ताई महिन्यापूर्वीच बरी झाली. इथे माझी गरज नाही. मीच राहिले आहे.

एक दिवस आठवतो का तुम्हाला? आठवणार नाही. गेल्या डिसेंबरात दुपारी आपण जेवत होतो. मी नेहमीच्या आवाजात म्हटलं, की मी आता निघून जाणार आहे आणि परत येणार नाही. तुम्ही मान हलवून म्हणालात, हो हो, आमटी वाढ थोडी. मी वाढली. मला खरंच जायचं नव्हतं, मी फक्त बघत होते. तुम्ही जेवून उठलात, आणि मी टाकीसमोर बसून त्या दोन माशांना सांगितलं, की यांना आमटी आवडली.

तीन वर्षं असंच चाललं होतं. एकदा तुम्ही कान तपासून आलात, यंत्र नको म्हणालात, लोक म्हातारा म्हणतील. मी पुन्हा विषय काढला नाही. ओरडून बोलायचं तर फक्त कामाचं बोलता येतं हो. दूधवाला आला, गॅस संपला. मला काय वाटलं ते ओरडून कसं सांगू? मग मी बोलणंच सोडलं, आणि ते तुमच्या लक्षात आलं नाही. याचा राग मला कानांपेक्षा जास्त आहे.

आणि इथे आल्यावर तुमची पत्रं आली. दोन कप चहा, ‘आलो गं’, गोजरासमोर आलेलं रडू. तीन वर्षांत जेवढं बोलला नाहीत तेवढं तुम्ही या पानांवर बोललात, आणि माझं एकेक अक्षर तुम्हाला ऐकू गेलं. पोस्टमन यायच्या वेळी मी दारापुढच्या खळ्यात काहीतरी काम काढून उभी असते. ताई हसते. मला तुमची आठवण येते. पण भीती वाटते, की मी आले की पत्रं थांबतील आणि पुन्हा समोरासमोर आमटी.

म्हणून येत नाही. एवढंच आहे.

टाकी आता किती दाखवते ते कळवा.

अरुणा


नेरुळ,
१४ ऑगस्ट २०२५

प्रिय अरुणा,

टाकी पस्तीस. टाकीच.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस जेवलो नाही म्हणणार होतो, पण आता खोटं लिहायचं नाही. जेवलो. आमटी मात्र केली नाही.

डिसेंबरातलं ते मला आठवत नाही, आणि तेच सगळ्यात वाईट आहे. मला ऐकू येत नव्हतं, पण तुझं तोंड तर दिसत होतं. मी ताटात बघत होतो.

आमचे अण्णा छातीवर डबी लावून हिंडायचे, तिची वायर कानात जायची. वाड्यातली पोरं मागून येऊन डबीपाशी टाळ्या वाजवायची आणि अण्णा दचकले की हसायची. त्या पोरांत एकदा मी होतो, त्यांचाच मुलगा. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. म्हणून यंत्र नको होतं. म्हातारा म्हणतील हे नुसतं तुला सांगायचं कारण होतं.

सोमवारी मी वाशीला जाऊन ते बसवून घेतलं. दोन्ही कानांत. बोटाच्या पेराएवढं आहे, वायर नाही. पहिल्या दिवशी रिक्षाच्या आवाजाने मळमळलं. घरी आलो तर कोणीतरी आत नळ सोडून गेलंय असं वाटलं. शोधत गेलो, तर तुझ्या टाकीचा फिल्टर! पाणी वरून खाली पडतं त्याचा आवाज असतो, मी विसरलो होतो. फ्रिज गुरगुरतो. गीतांजली वहिनींच्या कुकरच्या शिट्ट्या इथपर्यंत येतात. जोडीतली मोठी खाणं टिपताना टक्‌ असा आवाज करते, हे तू मला कधी सांगितलं असशील तर तेही मी ऐकलेलं नाही. घरात सगळे आवाज आहेत आणि तुझा नाही, आणि हे कळायला यंत्र लावावं लागलं याची मला फार लाज वाटते.

पत्रं थांबणार नाहीत. समोर बसून लिहीन पाहिजे तर. पण तू ये आणि बोल. हळू बोल. कामाचं काही बोलू नकोस.

वाट बघणारा,
सुभाष


देवरुख,
१९ ऑगस्ट २०२५

श्री. सुभाषराव यांस,
संध्याचा स. न. वि. वि.

अक्षर अरुणाचं नाही म्हणून घाबरू नका. हे पत्र पोचेल तेव्हा ती तुमच्यासमोर असेल.

आज पहाटेच्या एसटीने ती गेली, आणि दुपारी पोस्टमन तुमचं पत्र घेऊन आला. मधे सुट्ट्या आल्या, त्यामुळे ते अर्ध्या दिवसाने चुकलं. ते मी फोडलेलं नाही. चौतीस वर्षांत दुसऱ्याचं पत्र उघडलं नाही, आता काय उघडू? याच पाकिटात परत पाठवते आहे. त्यात काय आहे मला माहीत नाही. तिला बोलावलं असेल तर ती न बोलावताच आली आहे, आणि काही कडू लिहिलं असेल तर आता फाडून टाका.

मागचं पत्र पोस्टात टाकून आली तेव्हापासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. फार लागेल असं लिहिलं म्हणाली. रोज पोस्टमनची वाट बघायची. तुमचं उत्तर येईना. काल रात्री जेवताना मधेच उठली आणि पिशवी भरायला लागली. मला तिने इतके दिवस सोबत दिली, तेव्हा मी थांब म्हणाले नाही, पण तुम्हाला सांगते, मला ते जड गेलं. आज ताटं मांडताना दोन मांडली. तुम्ही मला पत्र लिहीत जा.

निघताना मी तिला म्हटलं, की अगं, तू अजून विचार कर. तिथे गेलीस की पुन्हा तेच होणार, त्यांना तुझं एक अक्षर ऐकू यायचं नाही. तिने चपला घातल्या, पिशवी उचलली आणि म्हणाली, की नाही ऐकू आलं तर नाही, मी समोर बसून बोलत राहीन.

आपली,
संध्या